विमानाचे वय कशात मोजावे?

जुने विमान म्हणजे धोक्याचे विमान, हे समीकरण सर्वसामान्य प्रवाशाच्या मनात पक्के बसलेले आहे. अपघाताची बातमी येताच हवामान कसे होते, धावपट्टी किती लांब होती, वैमानिकाने काय केले यांच्याआधी विमान किती वर्षांचे होते असे विचारले जाते, आणि उत्तराचा आकडा विसाच्या पुढे गेला की बहुतेकांच्या लेखी चौकशी तिथेच संपते. हे समीकरण उथळ आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विमान म्हातारे होते यात शंका नाही, पण त्याचे म्हातारपण बांधणीच्या सालावरून कळत नाही. त्याच्या धडाने किती वेळा हवेचा दाब सोसला, त्या सोसण्याच्या खुणा कोणी आणि कशा तपासल्या, आणि त्या तपासणीची नोंद खरी आहे की खोटी, या तीन गोष्टींवरून ते कळते. हा हिशेब चोख असेल तर पन्नाशीला टेकलेले विमानही रोजच्या फेऱ्या करू शकते, आणि तो विस्कटलेला असेल तर दहा वर्षांच्या विमानाचेही खरे वय कोणालाच सांगता येत नाही.

१. पंधरा वर्षांचा आकडा मनात येतो कोठून

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत, पण नियमित विमानसेवा असलेला एकही विमानतळ नाही. मालेगाव किंवा कारंजाच्या प्रवाशाला विमान पकडायचे तर समृद्धी महामार्गाने नागपूर अथवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, दक्षिणेकडच्या गावांना नांदेड सोयीचे पडते, आणि १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईसाठी अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचा पर्याय झाला आहे. अशा जिल्ह्यात यंत्राच्या वयाविषयीची समज आकाशातून येत नाही. ती एसटी, ट्रॅक्टर आणि काळीपिवळी यांच्या अनुभवातून घडते, आणि तिथे कायदाही वर्षेच मोजतो. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्याही त्या नियमात आल्या. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात, हा हिशेब त्यामुळे नैसर्गिक वाटू लागतो आणि तोच विमानाला लावला जातो.

रस्त्यावरच्या वाहनासाठी हा नियम ढोबळ असला तरी समर्थनीय आहे, कारण त्या वाहनाचा कोणता भाग कधी बसवला, कोणी बसवला आणि तो एकूण किती चालला याची कायद्याने बंधनकारक अशी साखळी अस्तित्वात नाही. पासिंगच्या दिवशी गाडी समोर उभी असते, तिचा इतिहास उभा नसतो. इतिहास उपलब्ध नसताना वर्षांची मर्यादा हा त्याचा पर्याय ठरतो. विमानाच्या बाबतीत इतिहास उपलब्ध असतो, किंबहुना तो असल्याशिवाय विमानाला उडण्याची परवानगीच नसते, आणि म्हणून बसचा नियम विमानाला लावणे ही पहिली चूक आहे.

खुद्द वाशिम जिल्ह्यातही या ढोबळ नियमाला छेद देणारे उदाहरण आहे. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची गाडी ज्या वाफेच्या इंजिनाने ओढली, ते १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झाले, १९२३ पासून कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत सेवेत राहिले. सत्तर वर्षांचे ते इंजिन जिल्ह्याच्या विनोदाचा विषय होते हे खरे, पण गाडीचा वेग रखडला तो मुख्यतः रुळांच्या दुरवस्थेमुळे. इंजिनाची निगा होत होती, मार्गाची होत नव्हती.

२. जात जुनी आणि विमान जुने, यांतला फरक

पुढे जाण्यापूर्वी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. बेलोऱ्याला उतरणाऱ्या एटीआर ७२ या जातीचे पहिले उड्डाण २७ ऑक्टोबर १९८८ रोजी झाले, बोइंग ७३७ चे ९ एप्रिल १९६७ रोजी आणि एअरबस ए३२० चे २२ फेब्रुवारी १९८७ रोजी. जात जुनी असली तरी तिचे प्रत्यक्ष विमान गेल्या वर्षी कारखान्यातून आलेले असू शकते. उलट जातीचे वय वाढणे ही बहुधा जमेची बाजू असते, कारण हजारो विमानांनी कोट्यवधी तास उडून त्या आराखड्याचे दोष उघड केलेले असतात. नव्या जातीचे दोष अजून उघड व्हायचे असतात. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात कोसळलेली ७३७ मॅक्स विमाने अनुक्रमे जेमतेम दोन-अडीच आणि चार महिन्यांची होती. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली, आणि दोन्हींच्या मुळाशी विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक नवी संगणकीय व्यवस्था होती.

३. धातू दिवस मोजत नाही

विमानाच्या म्हातारपणाचा गाभा समजण्यासाठी दाबाची क्रिया नीट पाहावी लागते. दहा-अकरा हजार मीटर उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा भरून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर असावा तितका दाब राखला जातो. आतल्या आणि बाहेरच्या दाबातील हा फरक धडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाच टनांहून अधिक जोर लावतो. विमान चढले की धड किंचित फुगते, उतरले की पूर्ववत होते. एक उड्डाण आणि एक अवतरण मिळून होणाऱ्या या फुगण्या-आकसण्याला उड्डाण-चक्र म्हणतात. ॲल्युमिनियमचा पत्रा एका मोठ्या जोराने तुटणार नाही, पण त्याच्या कितीतरी पट कमी जोर हजारो वेळा लागला तर रिव्हेटच्या भोकाच्या कडेला केसाएवढी भेग पडते आणि दर चक्रागणिक ती किंचित लांबते. यालाच धातूची थकण म्हणतात.

थकणीला कॅलेंडर कळत नाही, याचा सर्वांत जुना पुरावा ब्रिटिश ‘कॉमेट’ हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलेले कॉमेट तीन वर्षांचेच होते आणि त्याने १,२९० दाबयुक्त उड्डाणे केली होती. त्यानंतर फार्नबरो येथे दुसऱ्या एका कॉमेटचे संपूर्ण धड पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात पुनःपुन्हा दाब भरण्यात आला, आणि प्रत्यक्ष उड्डाणांची व टाकीतली मिळून ३,०५७ चक्रे झाल्यावर ते फाटले. कालमानाने तरुण असलेले विमान थकणीच्या हिशेबाने मरणपंथाला लागलेले होते.

दुसरा पुरावा हवाई बेटांतला आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-२०० चे पुढचे छप्पर उड्डाणात उचकटून गेले, एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली, आणि उरलेले विमान वैमानिकांनी थक्क करणाऱ्या कौशल्याने उतरवले. ते विमान एकोणीस वर्षांचे होते, आणि तेव्हापासून जुन्या विमानांच्या भयकथेत त्याचे नाव हटकून येते. परंतु आकडे निराळे बोलतात. त्या विमानाचे एकूण तास होते ३५,४९६ आणि चक्रे होती ८९,६८०. म्हणजे सरासरी उड्डाण चोवीस मिनिटांचे, एका बेटावरून चढून दुसऱ्या बेटावर उतरण्याचे. बांधणीच्या वेळी या जातीसाठी ७५,००० चक्रांचे उद्दिष्ट धरलेले होते, ते केव्हाच ओलांडले होते. मुंबई-लंडनसारख्या लांब मार्गावर तेवढेच तास उडालेल्या विमानाची चक्रे पाच हजारांच्या आतच राहिली असती. दोघांचे साल एक आणि तासही एक, तरी थकण मात्र वीसपट.

या अपघाताची चौकशी बारकाईने वाचण्यासारखी आहे. सुरुवातीच्या ७३७ विमानांत पत्र्यांचे एकमेकांवर चढवलेले जोड गोंदासारख्या चिकट थराने बांधलेले होते. खाऱ्या दमट हवेने तो थर सुटला आणि सगळा भार रिव्हेटच्या एका ओळीवर आला. त्या रिव्हेटसाठी पत्र्यात केलेली भोके तिरप्या धारेची होती, आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत भेगा जुळत गेल्या. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ रिव्हेटच्या ओळीवर लांबट भेग दिसली होती, पण तिने ती कोणाला सांगितली नाही. ज्या भेगेसाठी तपासनीस रात्रपाळीत छतावर चढत, ती दिवसाउजेडी जिन्यावरून दिसत होती. दोष तपासणीच्या पद्धतीचा होता, आणि म्हणूनच अपघातानंतर जगभर बदलली तीही तपासणीच. अमेरिकेत १९९१ मध्ये वयोवृद्ध विमानांविषयी स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढे प्रत्येक मोठ्या जातीसाठी चक्रांची व तासांची अशी सीमा ठरवणे बंधनकारक झाले की जिच्यापलीकडे पुराव्याशिवाय उडता येत नाही. त्या सीमेत वर्षांचा आकडा नाही.

जगात आजही उडणाऱ्या अतिवृद्ध विमानांत डग्लस डीसी-३ चा, म्हणजे आपल्याकडच्या डकोटाचा, भरणा का आहे हेही इथेच कळते. १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेल्या या विमानाची केबिन दाबयुक्त नाही. ते खालून उडते, त्यामुळे त्याचे धड फुगत नाही आणि आकसतही नाही. १९४९ मध्ये नागपूरला मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी टपाल घेऊन येणारी आणि थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतणारी विमाने युद्धानंतर स्वस्तात मिळालेली डकोटाच होती. पंखांच्या जोडांची आणि गंजाची काळजी घेतली तर अशा धडाला थकणीने मरण्याचे फारसे कारण उरत नाही. या विमानांचा शेवट बहुधा इंधनाने आणि सुट्या भागांनी केला.

४. भारतातील चार अपघात

सिद्धान्त बाजूला ठेवून भारतातील नोंदी पाहिल्या तरी निष्कर्ष तोच निघतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचे ए३२० धावपट्टीच्या अलीकडे कोसळून ९२ जण मरण पावले, तेव्हा ते ताफ्यात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडताना बोइंग ७३७-२०० धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले आणि ५५ जण गेले. विमान एकोणीस वर्षांचे होते, तेव्हा वयाची चर्चा झालीच. चौकशीत मात्र दोन कारणे पुढे आली: वैमानिकाने नाक उचलायला केलेला उशीर, आणि विमानाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणे. १७ जुलै २००० रोजी पाटण्यात अलायन्स एअरचे वीस वर्षांचे ७३७-२०० वस्तीवर कोसळले, जमिनीवरच्यांसह ६० जण गेले, आणि जुनी विमाने ताबडतोब बंद करा अशी मागणी देशभर उठली. तिथेही चौकशीने बोट ठेवले ते उतरतानाच्या वैमानिकी चुकीवर. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला १५८ बळी घेणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे ७३७-८०० अडीच वर्षांचेही नव्हते. धावपट्टीचा मोठा भाग मागे टाकून ते टेकले होते.

यातला सर्वांत बोलका तपशील पहिल्या अपघाताच्या मागे दडलेला आहे. इंडियन एअरलाइन्सने १९८९ पासून घेतलेली ए३२० विमाने भारतीय धावपट्ट्यांसाठी खास चाकांची होती. मुख्य चाकांच्या प्रत्येक खांबाला दोनऐवजी चार चाके, म्हणजे भार पसरून कमकुवत धावपट्टीलाही सोसावा. बंगळूरनंतर हा सगळा ताफा सरकारने काही महिने जमिनीवर ठेवला आणि विमानच सदोष असल्याची हवा तयार झाली. पुढे याच मालिकेतली विमाने पाव शतकाहून अधिक काळ देशभर उडत राहिली आणि शेवटची तर एअर इंडियाच्या रंगात तिशीच्या उंबरठ्यावर निवृत्त झाली. कारखाना आणि आराखडा एकच. त्या घराण्यातले सर्वांत कोवळे असताना एक विमान गेले, बाकीची म्हातारी होऊन भंगारात गेली.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेतले विमान सुमारे अकरा वर्षांचे होते, आणि त्या आकड्यावरून कोणत्याच बाजूला काही सिद्ध होत नाही.

५. सर्वांत जुनी विमाने उडतात तरी कोठे

निवडलेले आणि लादलेले म्हातारपण वेगळे ओळखल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

निवडलेल्या म्हातारपणाचे ठळक उदाहरण कॅनडात आहे. नोलिनॉर एव्हिएशन ही क्यूबेकमधील कंपनी १९७० च्या दशकातली ७३७-२०० विमाने आजही उत्तरेकडच्या खाणींच्या प्रवाशांसाठी वापरते. कारण भावनिक नाही. तिथल्या धावपट्ट्या डांबरी नाहीत, खडीच्या आहेत, आणि खडीवर उतरण्याची सोय कारखान्यानेच करून दिलेले हे एक दुर्मीळ जेट आहे. पुढच्या चाकामागे बसवलेली रुंद पाटी उडणारे दगड पोटावर आदळू देत नाही. प्रत्येक इंजिनाच्या तोंडाखालून पुढे आलेली नळी खालच्या दिशेने हवेचा झोत सोडते, त्यामुळे जमिनीवर भोवरा तयार होऊन खडे इंजिनात ओढले जात नाहीत. नंतरच्या ७३७ ची इंजिने रुंद आणि जमिनीच्या जवळ आली, आणि ही सोय करायला जागाच राहिली नाही. काम तेच राहिले आणि ते करणारे नवे यंत्र कोणी बनवलेच नाही, म्हणून जुने टिकले. अमेरिकेतील डेल्टा आणि युनायटेड या श्रीमंत कंपन्या १९९० च्या दशकारंभीची ७५७ आणि ७६७ विमाने उडवतात त्यामागे दुसरा हिशेब आहे: कर्ज फिटलेले विमान थोडे अधिक इंधन प्यायले तरी अनेकदा परवडते.

लादलेल्या म्हातारपणाचे उदाहरण इराण. निर्बंधांमुळे नवी विमाने आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त झाल्याने तिथल्या ताफ्यांत इतरत्र कधीच बाद झालेल्या जाती टिकून राहिल्या. प्रवासी सेवेतील बोइंग ७२७ चे जगातील अखेरचे नियमित उड्डाण जानेवारी २०१९ मध्ये इराणच्याच असेमान एअरलाइन्सने केले. तिथले साल कॅनडाहून फार वेगळे नाही. भाग अधिकृत मार्गाने येतात की आडमार्गाने, उत्पादकाचे अभियंते सल्ला देऊ शकतात की नाही, हे मात्र पूर्ण वेगळे आहे. अशा देशातील अपघातांचे खापर धातूच्या वयावर फोडणे सोपे जाते. पण १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाग्रोस पर्वतात ६६ जणांसह आदळलेले असेमानचेच एटीआर ७२ हे उड्डाणातील निर्णय चुकल्याने डोंगरावर गेले होते.

६. नागपूरचे उभे विमान

न उडणारे विमान सुरक्षित राहते, हाही एक समज आहे, आणि त्याचे खंडन विदर्भानेच चोवीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवले होते. जुलै १९९१ मध्ये आणीबाणीत नागपूरला उतरलेले एक बोइंग ७२० परत उडालेच नाही आणि २०१५ मध्ये बाजूला हलवले जाईपर्यंत धावपट्टीजवळ उभे राहिले. या काळात त्याच्या चक्रांत एकाचीही भर पडली नाही. पण उभ्या विमानात रबरी सील वाळतात, इंधनाच्या टाकीत ओल धरते, नळ्यांत कीटक घरे करतात, टायर एकाच जागी दबतात, आणि पावसाळ्यागणिक सांध्यांत गंज शिरतो. चालते विमान दर काही दिवसांनी कोणाच्या तरी हाताखालून जाते. उभ्या विमानाकडे कोणी फिरकत नाही.

त्याच नागपुरात, मिहानमध्ये, बोइंगने उभारलेले देखभाल-दुरुस्तीचे केंद्र एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आले. अशा केंद्रांत होणारी सर्वांत मोठी तपासणी, जिला ‘डी चेक’ म्हणतात, साधारण सहा ते दहा-बारा वर्षांनी येते आणि कित्येक आठवडे चालते. आसने, भिंतींचे पॅनेल, सामानाचे कप्पे, शौचालये, सगळे काढून विमानाचा सांगाडा उघडा केला जातो. जाणकार तंत्रज्ञ आधी वळतात ते शौचालयाच्या आणि पेंट्रीच्या खालच्या जमिनीकडे, कारण वर्षानुवर्षे सांडलेले पाणी, चहा आणि फळांचे रस तिथेच झिरपून गंज धरतात. रिव्हेटच्या ओळीवरून पेनासारखी एक कांडी फिरवली जाते. ती पत्र्यात अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाचे भोवरे निर्माण करते, आणि डोळ्याला न दिसणारी भेग आली की पडद्यावरची सरळ रेघ उसळते. रेघ उसळली तर पत्रा कापून नवा जोड बसतो. अशा दोन-तीन तपासण्यांतून गेलेल्या तीस वर्षांच्या विमानात बांधणीच्या वेळचे नेमके किती उरले, हा प्रश्नच पडावा.

७. खरे वय कागदात असते

इथे सर्वांत कमी चर्चिल्या जाणाऱ्या धोक्याकडे येता येते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे ७४७ डोंगरावर कोसळून ५२० माणसे मेली, एकाच विमानाच्या अपघातातील ती सर्वांत मोठी जीवितहानी. विमान अकरा वर्षांचे होते. कारण होते १९७८ मध्ये शेपूट घासल्यावर मागच्या दाबभिंतीची केलेली चुकीची दुरुस्ती: सलग एका पट्टीने जिथे रिव्हेटच्या दोन ओळी बांधायच्या, तिथे प्रत्यक्षात एकच ओळ भार घेत होती. तो जोड बारा हजारांहून अधिक उड्डाणे टिकला आणि मग फाटला. २५ मे २००२ रोजी तैवानजवळ हवेत तुकडे झालेल्या चायना एअरलाइन्सच्या ७४७ ची कथाही तीच. १९८० ची अर्धवट दुरुस्ती बावीस वर्षांनी भोवली, २२५ जण गेले. कागदावर दोन्ही ठिकाणी दुरुस्ती पूर्ण होती.

इंजिनातील फिरत्या चकत्यांसारख्या भागांना ठरावीक चक्रांचे आयुष्य असते, आणि ते संपले की भाग धडधाकट दिसत असला तरी फेकून द्यावा लागतो. अशा भागाचा जन्मापासूनचा हिशेब दाखवता आला नाही तर तो वापरता येत नाही. म्हणून विमान विकताना खरेदीदार पत्र्यापेक्षा फाइलींची छाननी अधिक काळ करतो, आणि कागद हरवलेले इंजिन भंगाराच्या भावाने जाते. २०२३ मध्ये लंडनमधील एका पुरवठादाराने खोटी प्रमाणपत्रे जोडून हजारो इंजिनभाग विकल्याचे उघड झाले, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना विमाने उतरवून भाग शोधावे लागले. अशा वेळी विमानाचे साल पाहून काहीही हाती लागत नाही.

८. आक्षेप

पहिला आक्षेप असा की नियामकच वयाची मर्यादा घालतात. भारतात बाहेरून आणायच्या दाबयुक्त विमानाच्या वयावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे बंधन आहे, हे खरे. पण त्या बंधनात वर्षांच्या जोडीला आराखड्यातील चक्रांचा वाटाही धरलेला असतो, आणि ते लागते आयातीला, म्हणजे ज्या विमानाचा पूर्वेतिहास दुसऱ्याच देशाच्या देखरेखीत घडला त्याला. इथेच वाढलेल्या विमानाला ते लागत नाही. नोंद जिथे परकी, तिथे वर्षांचा आधार घेतला जातो.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा: जुन्या ताफ्यांच्या देशांत अपघात अधिक होतात. होतात, पण त्याच देशांत रडार, प्रशिक्षण आणि नियामक यंत्रणाही दुबळ्या असतात. सक्षम नियमनाच्या देशांपुरते पाहिले असता जीवघेण्या अपघातांचा दर आणि विमानाचे वय यांत सत्तावीस वर्षांपर्यंत संबंध आढळत नाही, असे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे आर. जॉन हॅन्समन यांनी २०१४ मध्ये मांडले. त्यापुढच्या वयाची विमाने इतकी थोडी असतात की ठाम विधान करणे कठीण, हेही मान्य केले पाहिजे.

तिसरा आक्षेप इंधनाचा आणि तो बिनतोड आहे. जुनी इंजिने अधिक जाळतात, अधिक धूर आणि आवाज करतात. जुन्या विमानाला विरोध करायचा असेल तर त्यासाठी हे पुरेसे कारण आहे. त्याला सुरक्षेचे नाव देण्याची गरज नाही, कारण तसे केल्याने दोन्ही चर्चा बिघडतात.

चौथा आक्षेप वाशिमसारख्या जिल्ह्यातून येतो आणि तो तर्कापेक्षा मानाचा आहे: मोठ्या शहरांनी वापरून टाकलेले यंत्र नेहमी आमच्याच वाट्याला का? ही तक्रार रास्त आहे आणि चक्रांचे गणित सांगून ती मिटवता येणार नाही. मात्र तिचे लक्ष्य चुकते. छोट्या मार्गावरचे विमान दिवसातून अधिक वेळा चढते-उतरते, म्हणजे चक्रे भराभर खाते. त्यामुळे अशा मार्गावर नवे विमान आले तरी ते लांब मार्गावरच्या जुन्यापेक्षा लवकर थकते, आणि तिथे तपासणीचा दर्जा अधिक कडक हवा. जिल्ह्याने मागायचे ते नव्या सालाचे यंत्र की तपासणीचा खुला हिशेब, हा निर्णय एसटीलाही लागू आहे. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर आणि कारंजा या आगारांतून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीचे किलोमीटर रोज लिहिले जातात, ब्रेकची आणि इंजिनाची कामेही लिहिली जातात. त्या नोंदी अधिकृत, पडताळता येण्याजोग्या आणि प्रवाशाला पाहता येतील अशा केल्या तर पंधरा वर्षांची सरसकट रेघ अनावश्यक ठरेल. बारा वर्षांची पण खराब रस्त्याने खिळखिळी झालेली गाडी आधी बाद होईल, आणि नीट राखलेली सोळा वर्षांची आणखी दोन हंगाम चालेल.